न फळणाऱ्या झाडाखाली

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, साडेनवाची बस चुकली नाही तर,
लुर्दीना रायहून येते, बोरीचा पूल ओलांडून, मी केरीहून,
आणि फोंड्याच्या स्टँडमागच्या हॉटेलात
पातळभाजी येईपर्यंत आम्ही टेबल पुसून घेतो.
मग तिच्या पिशवीतून बरणी निघते,
माझ्या पर्समधून काडेपेटी.

बरणीत तिचे काडू. ती गांडूळ म्हणत नाही,
"पुस्तकातला शब्द," म्हणते.
काडेपेटीत माझी जायफळाची फुलं,
मेणाच्या इवल्या घागरी,
काल तिन्हीसांजेला उमललेल्या, आता कडेनं तपकिरी.

पोरगा पावाची ताटली ठेवताना बरणी बघतो
आणि दर महिन्याला नव्यानं मागे सरतो.

कुणी नेमलेलं नाही आम्हाला.
तिनं तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली,
मी पोस्टात शिक्के मारले.

ती सांगते: हातभर चौकोन आखून मोहरीचं पाणी ओतलं,
दहा मिनिटांत वर आले सत्तावीस.
(झोंबतं त्यांना, म्हणून येतात. मग साध्या पाण्यानं
ती एकेकाला धुते. जुनी सवय.)
रात्री बॅटरीला लाल कागद लावून बसते बांधावर.
दोघं जुळतात ते उलटसुलट,
एकाचं डोकं दुसऱ्याच्या शेपटीकडे,
दोघंही देतात, दोघंही घेतात,
आणि तासाभरानं आपापल्या बिळात.
"सासर नाही, माहेर नाही," लुर्दीना हसते.

माझ्याकडे मात्र सगळा घोळ.
जायफळात नर वेगळा, मादी वेगळी,
सात वर्षं पाणी घातल्यावर कळतं कोण कोण.
मादी फुलात ना मध, ना पराग,
तरी तिळाएवढे भुंगेरे येतात,
नराच्या फुलावर जेवलेले, त्याच वासानं चुकलेले.
एक चूक, एक जायफळ.
पाच संध्याकाळींत मी अशा चुका मोजल्या एकशे बारा,
त्यातल्या नऊ डासांनी बिघडवल्या.

गेल्या खेपेला काडेपेटी उघडलीच नाही.
भाऊ म्हणतो, ओहोळाकाठचा नर पाडूया,
अकरा वर्षं नुसता उभा आहे,
तिथे चार माडी बसतील सुपारीच्या.
पराग काय, खालच्या पाटातला दुसरा देईल.
देईलही. मी मोजलेलं नाही.

लुर्दीनानं पाव रश्श्यात बुडवला आणि तिथेच विसरली.
"त्या झाडाखालची माती दे," एवढंच म्हणाली.
दिली. तुपाच्या जुन्या डब्यातून, पानपाचोळ्यासकट.

आज तिनं रुमालातून काचपट्टी काढली,
आणि पुतण्याचा घडीचा, कागदाचा सूक्ष्मदर्शक.
मी दाराच्या उजेडाकडे तोंड करून डोळा लावला.
आधी माझीच पापणी दिसली.
मग काडवाची विष्ठा, तपकिरी, रवाळ,
आणि तिच्यात गोलसर, पिवळट, अख्खे
माझ्या नराचे पराग,
आतडं ओलांडूनही कवच शाबूत.

किती फुलं गळतात त्याची, रोज सकाळी, सडा.
मी ती वहीत धरली नव्हती,
कुठे पोचलीच नाहीत म्हणून.

यानं झाड वाचत नाही, हे आम्हा दोघींना कळतं.
मातीत गेलेला पराग पुन्हा फूल गाठत नाही,
आणि काडवाच्या जेवणाला बाजारात भाव नाही.
तरी मी वही उघडून एक रकाना आखला
आणि त्याला काय नाव द्यावं ते सुचेना.
"खाली," लुर्दीना म्हणाली. तेच लिहिलं.

चहाचे पैसे कुणी द्यायचे यावर थोडं भांडलो.
तिनं मला सात काडू दिले, ओल्या पोत्याच्या तुकड्यात,
मी तिला एक जायफळ, लाल पत्रीसकट.

साखळीच्या बसमध्ये बरणी मांडीवर.
कंडक्टरनं विचारलं, "लोणचं?"
मी हो म्हटलं, आणि झाकणाची भोकं
तळहातानं अर्धी झाकून घेतली.